उंबऱ्याबाहेरून केलेली मोजणी

ती गोष्ट निघाली की आजही माझे कान तापतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, "आता जाऊ द्या हो" म्हणून घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले, तरी तापतातच. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले काही आरोपी आज रस्त्यात भेटले तर मी थांबून दोन शब्द बोलेन. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही की कोणाचं कुलूप फुटलं नाही, पण त्यातल्या माणसांना मी अजून माफ केलेलं नाही. त्या माणसांत मी स्वतःही येतो, ते पुढे येईलच. नाव मात्र कोणाचंच लिहिणार नाही.

तेव्हा मी औरंगाबादच्या जुन्या शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीत गुलमंडीच्या कापड दुकानांच्या पाठीमागे एक गल्ली होती. समोरून सायकल आली तर माणसाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढून वाट द्यायची, एवढी तिची रुंदी. एका घरातली फोडणी चार घरांना खोकायला लावायची. कोणाचं भांडण, कोणाचा ताप, कोणाच्या सुनेला दिवस गेले, काही लपत नसे. पाण्याचा नळ एकच, गल्लीच्या तोंडाशी.

अशा गल्लीत माणसं कुठून कुठून येऊन राहतात ते बीटावर फिरल्याशिवाय कळत नाही. तोंडाशी हिमरू विणणाऱ्यांची चार-पाच घरं, निजामाच्या राजवटीपासूनची. मधल्या पट्ट्यात अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर एकेक करून आलेले लोक, कन्नडकडचे, देवगाव रंगारीचे, अजिंठ्याच्या बाजूचे. कोणी गावची जमीन भावाकडे सोपवून कचेरीत शिपाई झालेला, कोणी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोती उचलणारा. आणि अगदी शेवटी, जुन्या तटाला पाठ लावून धनगरांच्या खोल्या. मेंढरं गावी भावकीकडे आणि माणसं इथं मजुरीला. या गल्लीत म्हातारी माणसं वय विचारलं तर साल सांगत नसत. "पोलीस अ‍ॅक्शनच्या वख्ताला मी रांगत हुतो," असं सांगत, आणि तेवढ्यावर सगळ्यांचा हिशोब जुळत असे.

त्या वर्षी मागचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि गल्लीचा शेवटचा भाग त्यात जाणार असं जाहीर झालं. काम ज्या कचेरीकडे होतं तिने घरांची गणना करून यादी लावली. यादीत ज्याचं नाव असेल त्याला शहराबाहेर राहायला जागा मिळणार. ज्याचं नाव नसेल त्याचं घर अतिक्रमण समजून पाडणार. कागदावर हे दोन ओळींत मावलं होतं.

एका मंगळवारी सकाळी, हजेरी होऊन शिपाई बीटावर गेल्यावर, एक बाई ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायांत काही नाही. आत ये म्हटल्यावर आली, पण बाकावर बसली नाही.

"साहेब, आमचं घर कागदावर नाय म्हणत्यात. येत्या सोमवारच्या फुडच्या सोमवारी पाडणार हायेत."

"कोण म्हणतं?"

"मुकादम. म्हणला, यादीत तुझं घर नाय, बिऱ्हाड उचल."

मुकादम म्हणजे त्या गल्लीचा म्होरक्या. नळाची वेळ त्याच्या हातात. नळ कोणी आधी भरायचा, कोणी मागून, हे तो ठरवत असे. सणासुदीला शांतता समितीची बैठक बोलावली की पुढच्या खुर्चीत तोच. मी त्याला ओळखत होतो. त्यामुळे माझा पहिला समज असा झाला की बाईचंच काहीतरी चुकत असणार.

मी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. तिने मान खाली घातली.

"नवरा आहे ना?"

"हाय की जी. घरीच हायेत."

"मग त्याला पाठव."

"त्यांना येता येत नाय. एका अंगावरून वारं गेलंय. वाचा बी गेली."

"बरं, नाव तरी सांग त्याचं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाजूला उभ्या असलेल्या आमच्या बीट हवालदारांकडे बघू लागली. मग हळूच एका देवाची खूण सांगू लागली. त्या देवाला काय वाहतात, त्याची जत्रा कुठं भरते, तेच नाव घरधन्याचं. ती खूण मी इथं लिहिली तर नाव उघड होईल. कोणत्याही समजदार माणसाला ते तेव्हाच कळलं असतं. माझ्या डोक्यात मात्र बारा वाजताच्या बंदोबस्ताचे विचार होते. मी टेबलावर हात आपटला.

"बाई, आम्ही इथं कोडी सोडवायला बसलेलो नाही. रेशनकार्ड आहे का?"

"मुकादमाकडं दिलंय. नाव चढवायचं म्हणून मागून नेलं त्यानं."

नाव नाही, कार्ड नाही, नवरा येत नाही. मी मनाशी निकाल देऊन टाकला. कार्ड घेऊन ये म्हणून तिला परत पाठवलं आणि स्टेशन डायरीत नोंद केली की सदर महिला पतीचे नाव सांगू शकली नाही, सबब समज देऊन रवाना केले. अक्षर माझं. ती ओळ मला पुसता आली असती तर मी पेन्शनचा एक महिना दिला असता.

ती गेल्यावर हवालदार नुसते माझ्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं नोकरी झालेला, वैजापूरकडचा माणूस. त्यांच्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा विचारावासा वाटला नाही.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून गल्लीतले गिरणीवाले चाचा ठाण्यात आले. पांढरी टोपी, भुवयांत बसलेलं पीठ, ते कितीही धुतलं तरी जात नसावं. शुक्रवारी त्यांची गिरणी बंद असते म्हणून तोच दिवस त्यांनी निवडला होता. हवालदारांनी त्यांना माझ्यासमोर बसवलं.

"साब, वो यादी मैं मास्टर से पढवा के सुन्या," चाचा म्हणाले. "उसमें अकरा नावं ऐसे हैं के उनका डबा मेरी गिरणी पे कब्बी आयाच नै."

"दुसऱ्या गिरणीत दळत असतील."

"कायकू? दुसरी गिरणी चौक के उस पार है. डोके पे डबा ले के कौन जाएगा?" चाचांनी हात झटकला. "साब, मेरेकू गल्ली का पूरा मालूम रहता. किसके घर कित्ते मुं हैं, मेहमान आए के नै, बहू मायके गई के नै. डबा उचल्या के समझता. कोई मर गया तो डबा हलका होता साब, मेरेकू बतानेकी जरूरत नै."

मी सरसावून बसलो. यादीवर सही करणाऱ्या साहेबाला त्या गल्लीची जेवढी माहिती होती त्याहून जास्त या माणसाच्या मनगटात होती.

"और दूसरी बात," चाचा पुढे म्हणाले. "जिनके डबे रोज आते, ऐसे अकरा घर यादी में हैच नै. वो पैलवान का घर बी नै."

"कोण पैलवान?"

"मोंढे का हमाल, साब. दो-दो पोते पाठ पे मारता था. अब बाज पे पड्या है. उसकी घरवाली आपके पास आके गई बोलते."

मी विचारलं, त्याचं नाव काय? चाचा विचारात पडले. "नाव तो... सब पैलवानच बोलते, साब." वीस वर्षांचा शेजारी, पण नाव माहीत नाही. आणि त्यात नवल काही नव्हतं. मोंढ्यात हमालाला नंबरने हाक मारतात आणि गल्लीत टोपणनावाने. पूर्ण नाव घेणारी एकच व्यक्ती असू शकते असं आपण धरून चालतो, ती म्हणजे बायको. आणि तीच तर घेत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार गल्लीत गेलो. नळाला पाणी आलं होतं आणि बायका घागरी घेऊन रांगेत होत्या. शेवटच्या खोलीत दाराशीच ती बाई चूल सारवत होती. तिच्या तोंडावर आधी भीतीच आली. पोलीस घरी आला म्हणजे आणखी काहीतरी जाणार, असंच तिला वाटलं असणार.

मी दारात उभं राहून बोलायला लागलो. हवालदार म्हणाले, "साहेब, आत चला. बूट काढा, इथंच चूल हाय."

बूट काढून आत गेलो. दहा बाय आठची खोली. बाजेवर एक माणूस पडलेला. मोठ्या हाडापेराचा, खांद्यावर पोत्यांनी पडलेला जाड घट्टा, उजवा हात लाकडासारखा अंगाशी. पण कपडे स्वच्छ, दाढी केलेली, डोक्याला तेल. तो माझ्याकडे एकटक बघत होता. डोळ्यांत सगळी समज होती. गणना झाली त्या दिवशीही तो इथंच, याच बाजेवर पडलेला होता, दारापासून दोन हातांवर. आणि कागदावर हे घर नव्हतं.

भिंतीला खिळ्यावर पितळेचा बिल्ला टांगलेला होता. मोंढ्यातल्या हमालांना मिळतो तो. वर नंबर कोरलेला. खोलीत चमकणारी तेवढी एकच वस्तू होती.

"हा कोण घासतं?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "चिंच लावून, दर आमुशाला. त्यांना बरं वाटतं बघून."

हवालदारांनी नंबर वहीत टिपून घेतला. बाहेर आल्यावर बूट घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, बोलू का? माझ्या लग्नाला तीस वर्सं झाली. माझी बायको बी माझं नाव घेत नाय. तुमच्या मातोश्री घेत व्हत्या का?"

माझ्या आईने जन्मात वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. ते वारल्यावरही नाही. दवाखान्यात, कचेरीत, जिथं जिथं विचारलं जाई तिथं ती बाजूच्या माणसाकडे बघायची आणि तो सांगायचा. हे मी बघत मोठा झालो होतो. पण खुर्चीत बसलो, समोर फॉर्म आला आणि मी ते साफ विसरलो. त्या मंगळवारी ती बाई मदतीसाठी हवालदारांकडे बघत होती, आणि मी त्याला चुळबूळ समजलो!

मोंढ्याच्या कचेरीत हमालांचं जुनं रजिस्टर होतं. नंबर सांगितल्यावर तिथल्या माणसाने तीन मिनिटांत पान काढून दिलं. नाव, बापाचं नाव, मूळ गाव देवगाव रंगारीजवळचं, राहण्याचं ठिकाण तीच गल्ली. सगळं होतं. यादी करणाऱ्यांपैकी एकानेही एवढा त्रास घेतला नव्हता. मीही घेतला नव्हता.

त्याच दुपारी बाईला ठाण्यात बोलावून फिर्याद घ्यायला बसलो. ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबला आणि सवयीने म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" मी फॉर्म ओढून घेतला. रकान्यात छापलेलं होतं, पिता किंवा पती.

"तुझ्या वडिलांचं नाव काय, ताई?"

तिने मान वर करून खणखणीत आवाजात बापाचं नाव सांगितलं, गावासकट. मंगळवारी एवढं एकच विचारलं असतं तर काम झालं असतं. चार दिवस वाचले असते. तो फॉर्म मी रोज हाताळत होतो.

पहिला जबाब गणना करणाऱ्या कारकुनाचा. तो येताना दोन शिफारशी घेऊन आला. मी म्हटलं, एकेका घरात जाऊन माणसं मोजलीस का? तो कसनुसा हसला.

"साहेब, ती गल्ली तुम्ही पाहिलीच आहे. शिरायला जागा नाही, वास केवढा. मी तोंडाशी खुर्ची टाकून बसलो होतो. मुकादम दारोदार विचारून येत होते, मी लिहीत होतो."

"गणनेची वेळ कोणी ठरवली?"

"मुकादमांनीच. दुपारी गर्दी कमी असते म्हणाले."

गर्दी कमी असते! दुपारी त्या गल्लीत बाप्या माणूस नसतो. हमाल मोंढ्यात, गवंडी कामावर, शिपाई कचेरीत. मी यादी घेतली, चाचांना आणि हवालदारांना घेऊन बसलो आणि एकेक घर लावत गेलो. गाळलेल्या अकराच्या अकरा घरांत त्या वेळी फक्त बायका होत्या; एका घरात बाजेवरचा पैलवान, पण तोही वाचा गेलेला. ज्या घरात म्हातारा सासरा किंवा मोठा मुलगा होता, त्यांनी घरधन्याचं नाव मोठ्याने सांगितलं आणि ते बरोबर लिहिलं गेलं. जिथं बोलायला बाई एकटी होती तिथं ती गप्प राहिली, आणि मुकादमाने त्या गप्प राहण्यात आपल्या नातलगाचं नाव भरलं. आधी त्याच घरांतली रेशनकार्डं "नाव चढवतो" म्हणून गोळा करून ठेवली होती. बायकांनी लाजेखातर नाव घेतलं नाही, आणि त्याने त्या लाजेचा हत्यारासारखा उपयोग केला. मी चोर पुष्कळ पाहिले, पण असा नाही.

मुकादमाला चौकशीला बोलावलं तर तो धुतलेल्या शर्टात, पान लावून आला. बसायच्या आधीच मला फोन आला. वरिष्ठांचा. "गल्लीतलं वजनदार माणूस आहे, शांतता समितीत आपल्याला उपयोगी पडतो, जरा सांभाळून." मी होय साहेब म्हटलं आणि फोन ठेवला.

"फौजदारसाहेब," मुकादम म्हणाला, "ती खोली माझ्या चुलतभावाची. ही बाई तिथं पोटभाडेकरू. तिला नवराबिवरा काय नाय. असता तर तिनं नाव नसतं का सांगितलं?"

जवळजवळ तेच वाक्य स्टेशन डायरीत माझ्या अक्षरात होतं. तो निर्लज्जपणे म्हणत होता आणि मी आळसाने लिहिलं होतं, एवढाच काय तो फरक. त्याला दरडावायची मला त्या क्षणी हिंमत झाली नाही. मी त्याला बाजूच्या खोलीत बसवून ठेवलं.

हवालदार आदल्या संध्याकाळीच अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावी गेले होते. ते यादीतल्या त्या "चुलतभावाला" घेऊन आले. सरळ, भोळा शेतकरी माणूस. ठाण्याचा उंबरा त्याने पहिल्यांदाच ओलांडला असावा. मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं.

"तुम्ही गल्लीत किती वर्षं राहता, भाऊ?" मी विचारलं.

"लई दिस झाले," तो पढवल्यासारखा म्हणाला.

"दळण कुठं दळता?"

"तिथंच की. गल्लीतल्या गिरणीत."

"गिरणी कोणत्या वारी बंद असते?"

तो गोंधळला. त्या गल्लीत गिरणीची धडधड भिंतीतून ऐकू येते. ती थांबली की झोळीतलं पोरही जागं होतं. तिथं राहणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचं उत्तर झोपेत देता आलं असतं.

"ऐतवारी असंल," तो म्हणाला, आणि माझं तोंड बघून त्याचा धीर सुटला. "साहेब, मी नाय गेलो जी त्या गल्लीत कधी. पाव्हण्यानं अंगठा घेतला. शहरात जागा गावल म्हणला. तिथं कुनी ऱ्हातंय हे मला म्हाईत नव्हतं. आईची आन."

आता मी मुकादमाला आत घेतलं. त्याने सगळं ऐकलं होतं. मी वाटच बघत होतो की तो रडेल, पाया पडेल, काहीतरी करेल. तो उलट वैतागला, कोणीतरी क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करावा तसा.

"सगळेच करत्यात, साहेब. मी काय कोणाच्या भरल्या घरात घुसलो का? रिकाम्या घरांवर नावं घातली."

"रिकाम्या?"

"व्हय. जिथं बाप्या माणूस नाय ते घर रिकामंच की. बायका काय, कुठंबी ऱ्हात्यात."

ठाण्यात अठरा वर्षं आरोपींची बोलणी ऐकली होती. शिव्या, धमक्या, देवाच्या शपथा. पण माझा हात त्या दिवशीसारखा कधी उठला नव्हता. हवालदारांनी तो मधेच धरला. "जबाब लिवा साहेब," ते म्हणाले. "ह्येच वाक्य लिवा." मी लिहिलं, शब्दाला शब्द. बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीखाली गुन्हा दाखल झाला. झडतीत रेशनकार्डं मात्र सापडली नाहीत. मुकादम म्हणाला कारकुनाकडे दिली, कारकून म्हणाला मला माहीत नाही. दुसरं कार्ड मिळेल का म्हणून विचारलं तर उत्तर आलं की कुटुंबप्रमुखाने समक्ष हजर राहावं. ज्याला बाजेवरून उठता येत नाही त्याने! ते पत्र मी पुष्कळ दिवस खिशात घेऊन फिरलो, कोणाला तरी दाखवून भांडावं म्हणून.

ठरलेल्या सोमवारी पाडकामाची माणसं पहारी घेऊन आली, तेव्हा मी हवालदारांना बरोबर घेऊन, पंचनाम्याची फाईल हातात धरून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. त्यांच्या अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं, माझ्याशी वाद घातला, वर फोन करून आला. शेवटी पाडकाम थांबलं आणि नवी गणना करायचा हुकूम निघाला.

पुढचं सांगताना पुन्हा कान तापतात. मुकादम जामिनावर सुटला. खटला रेंगाळत गेला, साक्षीदार नव्या वस्तीत पांगले, चाचा गेले. कारकून काही महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर कामाला लागला. माझी बदली झाली. पुढच्या सणाला शांतता समितीची बैठक झाली तेव्हा पुढच्या खुर्चीत कोण बसलं होतं ते मला हवालदारांनी पत्राने कळवलं. न कळवतेच तर बरं झालं असतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी म्हणतो, बूट काढून आत जा. दाटीच्या वस्तीत माणसं एकमेकांना इतकी चिकटून राहतात की बाहेरून ती मोजल्यासारखी वाटतात. दारात उभं राहून विचारलं की जो मोठ्याने बोलतो तेवढाच कागदावर येतो. सरकारच्या फॉर्ममधला प्रत्येक रकाना कोणीतरी स्वतःच्या सोयीने छापलेला असतो. समोरची बाई गप्प बसली तर ती खोटी ठरत नाही, आपण चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. आणि हे शिकायला मला एका बाईला ठाण्याच्या पायरीवरून हाकलावं लागलं, याची लाज मला शेवटपर्यंत राहील.

पण मुकादमाची खुर्ची ही काही या गोष्टीचा शेवट नाही. नव्या गणनेच्या दिवशी मी हजर होतो. वेळ मी हट्टाने संध्याकाळची घ्यायला लावली होती, माणसं कामावरून परत आल्यावर. प्रत्येक खोलीत आत जाऊन मोजायचं, हीही माझीच अट. नवा कारकून तरुण होता, कुरकुरत होता, पण जात होता. शेवटच्या खोलीशी आम्ही आलो तेव्हा ती बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. मोंढ्याच्या रजिस्टरवरून मी नाव दिलेलं होतं. कारकुनाने ते नाव, बापाच्या नावासकट, गावासकट, खड्या आवाजात वाचलं.

बाईने पदर तोंडाशी घेतला. कित्येक वर्षांत ते नाव त्या दारात कोणी उच्चारलं नसावं.

आणि आतून आवाज आला. शब्द नव्हता. घशातून ओढून काढलेला, लांब, घोगरा आवाज. मोंढ्यात सकाळी हजेरीला नंबर पुकारला की हमाल जसा 'ओ' देतो तसा.

कारकून दचकला. वहीवरून मान वर करून त्याने विचारलं, "कोण बोललं?"

"ज्याचं नाव घेतलं तो," हवालदार म्हणाले. "आत या, आणि लिवा."